झाडीची जुनी गाणी कोणी गायची?

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून गावी आला होता. धान निघालं होतं, अंगणात तणसाचा वास भरला होता आणि आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. त्यानं मोबाइलवर एक गाणं लावलं. एक गिटार, मधूनमधून माउथ ऑर्गन आणि बिड्या ओढून ओढून घसा खरखरीत झाल्यासारखा एक आवाज. इंग्रजी गाण्यातले शब्द काही मला उमगले नाहीत. पण चाल ऐकून मी म्हटलं, "हा तर आपल्या दंडारीतला म्हातारा दिसतो!" पुतण्या हसला. म्हणाला, "काका, याला नोबेल मिळालंय."

तो गायक बॉब डिलन. २०१६ साली साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळालेला. स्वतःची शेकडो गाणी लिहिलेल्या या माणसानं १९९२ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, 'गुड ॲज आय बीन टू यू' नावाचा एक संग्रह काढला. त्यात त्यानं स्वतः लिहिलेलं एकही गाणं नव्हतं. जवळजवळ सगळी गाणी जुनी, खेड्यापाड्यांतली, पिढ्यान् पिढ्या लोकांच्या तोंडी चालत आलेली. पुढच्याच वर्षी 'वर्ल्ड गॉन राँग' नावाचा तसाच दुसरा संग्रह आला. ना वाद्यवृंद, ना कोरस. नाव, पैसा सगळं मिळालेला एक गायक आपल्या आधीच्या लोकांची गाणी म्हणत बसला आहे, एवढंच.

मग पुतण्यानं विचारलं, "काका, आपल्या झाडीत असं कोणी केलंय का? म्हणजे एखाद्या मोठ्या, जुन्या गायकानं आपली जुनी गाणी पुन्हा गाऊन ठेवलीत का?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. आजचं हे बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं जरा उशिरानं दिलेलं उत्तर आहे.

मराठी माणसाला या बाबतीत पहिलं नाव आठवतं ते कुमार गंधर्वांचं. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा मुंबईला प्रोफेसर देवधरांकडे शिकला, लहान वयातच नावाजला गेला आणि १९४७ च्या सुमारास क्षयानं आजारी पडला. कोरडी हवा मानवेल म्हणून जानेवारी १९४८ मध्ये तो माळव्यातल्या देवासला राहायला गेला. पुढची चार-पाच वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकणं तेवढं हातात होतं. रस्त्यानं जाणाऱ्या बायका, भिक्षेकरी, लग्नघरची गाणी, जे कानावर येईल ते हा माणूस ऐकत राहिला. स्ट्रेप्टोमायसिन आलं, त्यानं तो बरा झाला आणि १९५३ पासून पुन्हा गाऊ लागला. तेव्हा त्याच्याबरोबर माळव्याच्या त्या चालीही मैफलीत आल्या. चार-पाच सुरांतच फिरणाऱ्या या साध्या चालींत रागाचं बी असतं, असं त्यांना दिसलं. त्यांतून त्यांनी मालवती, संजारी, सहेली तोडी असे राग बांधले. 'अनूपरागविलास' या १९६५ च्या पुस्तकात त्यांच्या बंदिशी आल्या. माळव्याच्या चालींचा वेगळा कार्यक्रमही त्यांनी केला आणि त्याचं नाव सरळ 'मालवा की लोकधुनें' असं ठेवलं. म्हणजे गाणं कुठून घेतलं ते नावातच सांगून टाकलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे मला तिच्याकडे परत यायचं आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाट्याला असा कुमार गंधर्व आला नाही. याचा अर्थ आमच्याकडे मोठा गायक झाला नाही असा मात्र नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज जन्मले १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला. पण त्यांच्या तरुणपणाचा मोठा काळ चिमूरजवळच्या रामदिघीच्या रानात गेला. हातात एक खंजिरी आणि समोर हजारोंचा समाज, असं त्यांचं भजन असे. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरला उठाव झाला तेव्हा त्यांची भजनं ब्रिटिश सरकारला इतकी झोंबली की त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आलं. मात्र तुकडोजी महाराजांनी केलं ते कुमारांच्या उलटं. कुमारांनी खेड्यातलं गाणं शहरात नेलं. महाराजांनी खेड्यातलीच खंजिरी घेतली आणि तिच्यावर नवी गोष्ट सांगितली. गावसफाई, शिक्षण, अस्पृश्यता, देश. आजही आमच्याकडे सामुदायिक प्रार्थनेला बसलेली म्हातारी माणसं ती भजनं तोंडपाठ म्हणतात. जुनी गाणी जपून ठेवणं हे महाराजांचं काम नव्हतं. ते काम तसंच राहिलं.

आता ही जुनी गाणी म्हणजे कोणती, ते सांगतो. झाडीपट्टी म्हणजे विदर्भाचा पूर्वेकडचा पट्टा. भंडारा, गोंदिया, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा धान पिकवणारा भाग. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, त्याआधी सगळा मिळून एकच अवाढव्य चांदा जिल्हा. इथं मराठीचं एक वेगळं रूप चालतं, झाडीबोली. शेजारच्या पाड्यावर गोंडी, भामरागडकडे माडिया, सिरोंचाला तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगडी, चामोर्शी-मुलचेऱ्याकडे वसवलेल्या निर्वासितांची बंगाली. प्रत्येक भाषेचं गाणं वेगळं, पण गाण्याचा हंगाम मात्र धानानं ठरवलेला. पावसाळ्यात बांधीत कमरेत वाकून रोवणी करताना बायकांची गाणी. दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडई, मंडईत दंडार. पहाटे जात्यावरची गाणी तर बाराही महिने.

दंडार ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ढोलकी, टाळ, तुणतुणं, एक म्होरक्या आणि त्याच्या मागे ओळ धरणारे झिलकरी. म्होरक्या ओळ टाकतो, झिलकरी ती उचलतात. पुरुषच लुगडं नेसून बाईचं काम करतात. आधी देवाचं गाणं, मग गमतीचं, मग एखादी कथा, आणि मध्ये गावच्या पाटलापासून पटवाऱ्यापर्यंत सगळ्यांची टिंगल. आमच्या भागातली दंडार पुढे हळूहळू नाटकात शिरली. पण तिचं मूळ गाणं आम्ही लहानपणी ऐकलेलं आहे.

मी ब्रह्मपुरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो. १९८० च्या आसपास पगारातून पैसे साठवून मी एक टेपरेकॉर्डर घेतला. जवळच्या गावात दंडारीचे एक म्होरके होते, सत्तरी ओलांडलेले. मी त्यांना बाबाजी म्हणत असे. एका रविवारी सायकलला टेप बांधून त्यांच्याकडे गेलो. माइक समोर धरला आणि म्हटलं, "बाबाजी, तुमचं ते जुनं गाणं म्हणा." बाबाजींनी विचारलं, "गुरुजी, कोनता म्हनू? कालचा का आजचा?"

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. गाणं तेच, पण काल ज्या गावात म्हटलं तिथं एक कडवं वाढवलं होतं, आज इथं ते चालणार नाही. वडील म्हणत तेव्हा सुरुवात वेगळी होती. झिलकरी कमी पडले तर चाल खाली घ्यावी लागते. त्यांच्या लेखी 'जुनं गाणं' नावाची एक ठरलेली वस्तू नव्हतीच. वडिलांकडून आलेला एक सांगाडा होता आणि त्यावर त्या रात्रीचं मांस चढायचं. मी त्या दिवशी दोन कॅसेटी भरून घेतल्या. त्यांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. सांगायला मला जड जातं, म्हणून शेवटी.

आता नाटकाकडे येऊ. माझ्या लहानपणी गावात एकच फोनो होता, मालगुजारांच्या वाड्यात. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली, फोनो राहिला. चावी भरून त्यावर नाट्यपदांच्या तबकड्या लागत. गावातले हौशी गायक वाड्याच्या पडवीत बसून त्या ऐकत आणि मंडईच्या नाटकात ती पदं म्हणत. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी यांची नाटकं आमच्या धानाच्या बांधीत उभ्या केलेल्या रंगमंचावर झाली आहेत. पुण्या-मुंबईत संगीत नाटकाला ओहोटी लागल्यावरही इथं पायपेटी आणि तबला बंद पडला नाही. १९१९ च्या 'एकच प्याला'तली पदं बालगंधर्वांना कधी डोळ्यांनी न पाहिलेला आमचा एखादा शिंपी किंवा कास्तकार थंडीत कुडकुडत पहाटे तीनला म्हणे आणि लोक 'वन्समोअर' देत. त्याचा सूर थोडा चढा लागे, कारण मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा असे. तानेत दंडारीचा हेल डोकावे. शहरातल्या जाणकाराला ती नक्कल वाटली असती. मला विचाराल तर ती नक्कल नव्हती. डिलन तरी दुसरं काय करतो?

वडसा, म्हणजे देसाईगंज, हे आज या नाटकांचं मुख्य ठाणं आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथल्या नाट्यमंडळांच्या कचेऱ्यांत गावोगावचे लोक 'तारीख' घ्यायला येतात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक ही जुनी जोडी. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा शंकरपट थांबले. मग नाटकाला गर्दी जमेल का, ही चिंता आमच्याकडे खरोखर होती. पण बैल नसतानाही नाटक चाललं. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये न्यायालयानं शर्यतींचा कायदा उचलून धरला. त्याच वर्षी कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीत त्यांना 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हणतात. ५ हजारांहून अधिक प्रयोग केलेला हा नट. ज्या दिवशी ही बातमी आली, त्या दिवशी मला माझे बाबाजी आठवले. अशा शेकडो लोकांच्या खांद्यावर हा रंगमंच उभा राहिला आणि त्यांतल्या बहुतेकांचं नाव कुठंही छापलेलं नाही.

हा नावाचा मुद्दा आमच्या भागात फार जुना आहे. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या नावानं ते आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला आले. धर्मप्रसाराबरोबर त्यांना इथल्या खडकांचा, जीवाश्मांचा आणि आदिवासींच्या भाषांचा नाद लागला. गोंडांचा आदिपुरुष लिंगो याची शेकडो ओळींची गाथा त्यांनी परधान गायकाच्या तोंडून उतरवून घेतली. १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांचे कागद मध्य प्रांताचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. गोंडी गाणं छापील पानावर आल्याचं हे फार आरंभीचं उदाहरण. हिस्लॉप यांचं नाव कॉलेजला लागलं, टेंपल यांचं पुस्तकावर लागलं. ज्याच्या गळ्यातून ती गाथा आली तो परधान मात्र लोकांच्या आठवणीत राहिला नाही.

परधान हे गोंडांचे भाट. किंगरी नावाचं तीन तारांचं वाद्य गजानं वाजवत ते आपल्या यजमान कुळांना त्यांच्याच कुळाची कथा गाऊन दाखवत. कुळ कुठून निघालं, देव कसे मिळाले, कोणाशी सोयरीक होते, कोणाशी होत नाही, हे सगळं गाण्यात. लिहिलेलं काही नाही. परधान हीच वही. १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ आदिलाबादच्या मारलवाई गावात राहिले आणि त्यांनी या कथा लिहून घेतल्या. 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे त्यांचं पुस्तक १९४८ चं. आजचा आपला राजुऱ्याचा भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. म्हणजे ते गाणं परमुलखातलं नाही, आपल्याच माणिकगडच्या डोंगरापलीकडचं. त्याच मारलवाईचे कनक राजू यांना गुसाडी नाचासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचा टोप घालून नाचणारे गुसाडी आमच्या जिवती-राजुऱ्याकडेही निघतात. कनक राजू २०२४ मध्ये वारले. पण त्यांनी शिकवलेली पोरं नाचताहेत. मला यात धीर देणारी गोष्ट दिसते ती ही, की त्यांनी नाच कुठल्या तबकडीत नव्हे, पोरांच्या पायांत ठेवला.

एटापल्ली-भामरागडकडचं रेला गाणं असंच. रेला म्हणजे गोंडीत बहावा. उन्हाळ्यात पिवळाधमक फुलणारा. हातात हात गुंफून फेर धरायचा, एका बाजूनं ओळ म्हणायची, दुसऱ्या बाजूनं ती परत द्यायची. यात गायक कोण आणि ऐकणारा कोण? सगळेच गाणारे. अशा गाण्याचा 'ज्येष्ठ गायक' शोधायला गेलं तर तो सापडत नाही. सापडतो तो अख्खा पाडा.

बायकांच्या गाण्याचं तेच. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम महाराष्ट्रात झालं आहे. साने गुरुजींनी केलं, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतून केलं, आणि पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉतवँ यांनी तर १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. शिवाय ओवी सांगणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव जपलं. २०१७ पासून त्या ओव्या 'परी'च्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. माझी आई पहाटे दळायला बसे तेव्हा आमच्या ओसरीत मात्र कोणी आलं नाही. गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. आईला कोणी गाऊ नको म्हटलं नव्हतं. पण दळणाशिवाय तिला ते गाणं आठवत नसे. हात फिरला की ओळ येई. एकदा मी हट्ट धरला तेव्हा तिनं रिकामं जातं फिरवलं आणि मग म्हटलं. गाण्याला काम लागतं, निमित्त लागतं, हे मी तिथं शिकलो.

आता कॅसेटच्या दिवसांबद्दल. १९९० च्या आसपास आमच्या बाजारातही कॅसेटी आल्या. लोकगीतांच्या, भीमगीतांच्या, देवीच्या गाण्यांच्या. एका कंपनीनं आमच्या भागातली काही रोवणीची गाणी एका तरुण गायिकेकडून म्हणवून घेतली. मी मोठ्या उत्साहानं कॅसेट विकत घेतली. त्यातलं एक गाणं माझ्या मावशीच्या तोंडचं होतं. कडव्यांचा क्रमही तोच. वेष्टनावर गीतकार म्हणून एक नाव होतं, संगीतकार म्हणून दुसरं. मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "गाना तं माहा बी नोहे, मायचा हाये." तिला राग आला नव्हता. मला आला होता, आणि अजून आहे.

असं फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेतलं ज्याला ते 'कंट्री' संगीत म्हणतात, त्याची सुरुवात सांगताना १९२७ सालच्या ब्रिस्टल गावातल्या ध्वनिमुद्रणाचं नाव घेतात. राल्फ पिअर नावाचे रेकॉर्ड कंपनीचे गृहस्थ तिथं यंत्रं घेऊन आले आणि डोंगरातलं कार्टर कुटुंब तिथं प्रथम गायलं. त्यातले ए. पी. कार्टर पुढे डोंगरोडोंगरी हिंडून म्हाताऱ्यांकडून गाणी गोळा करत. शब्द ते लिहून घेत. चाल लक्षात ठेवायला बरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असे. तबकड्यांवर, कागदोपत्री नाव लागलं कार्टर यांचं. रिडलचं स्वतःचं गाणं ध्वनिमुद्रित व्हायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. खुद्द डिलनच्या पहिल्या संग्रहावर जुन्या गाण्यांच्या जुळवणीचं श्रेय त्यानं स्वतःकडे घेतलं म्हणून नाराजी झाली. दुसऱ्या संग्रहाबरोबर मात्र कोणतं गाणं कोणाकडून ऐकलं, हे त्यानं लिहून टाकलं. मला दुसरा संग्रह अधिक आवडला. कारण कळलं ना? पुतण्या म्हणतो, काका, तुम्ही गाणं न ऐकता वेष्टनावरून आवड ठरवता. ठरवतो खरा.

आता बाबाजींच्या कॅसेटी. १९८० साली भरलेल्या त्या दोन कॅसेटी मी कपाटात ठेवल्या होत्या. नाव लिहायचं राहून गेलं. पुढे माझी बदली झाली, सामान हललं. घरात लग्न निघालं तेव्हा कोणीतरी कोऱ्या समजून त्याच कॅसेटींवर सिनेमाची गाणी भरून घेतली. ज्यानं भरली त्याचा दोष नाही. दोष न लिहिलेल्या नावाचा, म्हणजे माझा. ते मला कळलं तेव्हा बाबाजी जाऊन काही वर्षं झाली होती.

आणि मग एक दिवस त्यांचा मुलगा माझ्या दारी आला. शेतकरी माणूस. चहा घेतला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "गुरुजी, बाबाचा आवाज तुमच्याजवळ आहे म्हणतात. नातवाले आयकवाचा होता." मी त्याला खरं सांगितलं. तो काही बोलला नाही. चपला घालताना एवढंच म्हणाला, "असू द्या. मले थोडाबहुत येते." आणि त्यानं अंगणात उभ्या उभ्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. सुरुवात वेगळी होती. बाबाजींची नव्हती, त्याची होती.

मी त्याला थांबवलं. घरातला मोबाइल आणला आणि म्हटलं, पुन्हा म्हणा. या वेळी आधी नाव विचारून घेतलं, त्याचं आणि त्याच्या वडिलांचं. गाव, तारीख, हे गाणं कधी म्हणतात, तेही. ते सगळं मी आधी स्वतःच्या आवाजात सांगितलं आणि मग तो गायला. ते ध्वनिमुद्रण मी तीन जणांकडे देऊन ठेवलं आहे, त्यात त्याचा नातूही आहे.

तेव्हा पुतण्याला माझं उत्तर असं. नाही रे बाबा, कोण्या नोबेलवाल्यानं आपली गाणी गायली नाहीत. आपल्याकडे ती शिंप्यानं, कास्तकारानं, परधानानं, रोवणीवरच्या बायांनी गायली, आणि दर वर्षी थोडी बदलून गायली. एखादा मोठा गायक उद्या ती गाईल तर मला आनंदच आहे. त्यानं आपल्या ढंगानं गावीत, चाल बदलावी, हवं तर नवी वाद्यं घ्यावीत. बाबाजींनीही तेच केलं होतं. फक्त कोणाकडून घेतलं, कोणत्या गावचं, ते सांगावं. कुमारांनी माळव्याचं नाव सांगितलं, तसं.

आणि तोवर हे काम आपलंच आहे. आज प्रत्येकाच्या खिशात माझ्या त्या टेपरेकॉर्डरहून कितीतरी चांगलं यंत्र आहे. या दिवाळीत गावी जाल तेव्हा घरातल्या म्हातारीजवळ बसा. नुसतं 'गाणं म्हण' म्हणू नका. तिला आठवायचं नाही. सूप हातात द्या, जातं असेल तर ते पुसून समोर ठेवा, लेकराला मांडीवर द्या. गाणं येईल. आणि ते भरून घ्यायच्या आधी तिचं नाव बोला. तिचं, तिच्या आईचं आणि तिच्या माहेरच्या गावाचं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)